परदेशी लाकूड मागवण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

लाकडाचा माल बंदरात अडकतो तेव्हा चूक बहुतेक वेळा बंदरात झालेली नसते. ती ऑर्डर देताना किंवा तिकडे कंटेनर भरताना झालेली असते. त्यामुळे पुढच्या उत्तरांमध्ये माल निघण्याआधीच्या कामांवर आम्ही जास्त भर दिला आहे. शुल्काचे दर आणि अधिसूचना बदलत राहतात, म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी त्या पुन्हा एकदा पाहून घ्याव्यात.

प्रश्न : आमचा फर्निचरचा कारखाना आहे. आजवर वखारीतून आयात साग घेत होतो. आता थेट परदेशातून गोल सागाचा एक कंटेनर मागवायचा विचार आहे. सुरुवात कुठून करायची?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिली गोष्ट आयात-निर्यात कोड. तो डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर पॅनच्या आधारे मिळतो आणि सरकारी फी ५०० रुपये आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती ऑनलाइन अद्ययावत करावी लागते. काहीच बदललेले नसले तरी 'बदल नाही' असे नोंदवायचे असते. हे राहून गेले तर कोड निष्क्रिय होतो, आणि अनेकांना ते थेट बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडचे आयातीचे घोषणापत्र, भरताना कळते.

दुसरे काम लाकडाची नेमकी ओळख करून घेण्याचे. निर्यातदाराच्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर शास्त्रीय नाव, म्हणजे सागासाठी टेक्टोना ग्रँडिस, झाड कोणत्या देशात वाढले, आणि ओंडके सालीसह आहेत की साल काढलेले, हे सगळे लिहून घ्या. नुसते 'टीक राउंड लॉग्ज' चालत नाही. आपल्याकडे लाकडाची आयात २००३ च्या प्लांट क्वारंटाइन (परदेशी कीड-रोग रोखण्याच्या) आदेशाखाली येते आणि त्या आदेशाच्या सहाव्या परिशिष्टात वनस्पती, तिचा कोणता भाग आणि कोणत्या देशातून, अशा तिन्हींची मिळून एकेक नोंद आहे. तुमचे लाकूड, त्याचे रूप आणि तो देश एकाच नोंदीत सापडले पाहिजेत. सालीसह लाकूड आणि साल काढलेले लाकूड यांच्या अटी वेगळ्या असू शकतात. देशच नोंदीत नसेल तर आधी कीड-जोखीम विश्लेषण व्हावे लागते. ते सरकारी पातळीवर चालणारे दीर्घ काम आहे, एका कंटेनरच्या ऑर्डरसाठी त्याची वाट पाहत बसू नका. नोंद असलेला दुसरा देश शोधा.

नोंद सापडली की प्लांट क्वारंटाइनच्या ऑनलाइन प्रणालीवर इम्पोर्ट परमिटचा अर्ज करा. परमिट तुमच्या नावाने निघते आणि दुसऱ्याला हस्तांतरित होत नाही, त्यामुळे 'माझ्या परमिटवर मागव' असे कोणी म्हणाले तरी त्या वाटेला जाऊ नका. परमिटवर प्रमाण, देश, मुदत आणि निर्यातदार देशाने फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावर, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यावर (थोडक्यात 'फायटो'), काय जाहीर करायचे याचा मजकूर असतो. हाती आल्यावर त्याची प्रत निर्यातदाराला पाठवा आणि ती मिळाल्याची लेखी पोच घ्या. आगाऊ रक्कम त्यानंतरच पाठवावी. परमिटच्या आधी पैसे गेले की घाई तुमची असते आणि किंमत निर्यातदार ठरवतो.

तिकडे ओंडक्यांना फ्युमिगेशन (विषारी वायूची धुरी) किंवा उष्णता-उपचार होतो, तिथले अधिकारी तपासणी करून फायटो देतात आणि माल जहाजावर चढतो. इथे बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेरपर्यंत भरायची असते. ती ३० दिवस आधीपासूनही भरता येते. उशीर झाला तर पहिले ३ दिवस दिवसाला ५,००० रुपये आणि पुढे दिवसाला १०,००० रुपये दंड लागतो. शिपिंग लाइनचे डिटेन्शन (कंटेनर जास्त दिवस अडकवल्याचा आकार) आणि बंदराचे भाडे याच्याशिवाय वेगळे. कस्टम्सच्या सिंगल विंडो या ऑनलाइन प्रणालीतून तुमची एंट्री आपोआप प्लांट क्वारंटाइनकडे जाते. त्यांचे अधिकारी कंटेनर उघडून साल, भोके, ताजा भुसा आणि जिवंत कीड पाहतात. त्यांनी हिरवा कंदील दिल्याशिवाय कस्टम्स माल सोडत नाही.

सुटल्यावरचाही एक टप्पा आहे. आयात साग आणि आपल्याकडचा साग ट्रकमध्ये एकसारखेच दिसतात. बिल ऑफ एंट्री, फायटो आणि ओंडकेवार यादी यांच्या प्रती चालकाकडे द्या आणि वाहतूक पासबद्दल उपवनसंरक्षक कार्यालयात आधीच विचारून ठेवा. ओंडके चिरायला परवाना असलेल्या सॉ मिलमध्येच न्या.

प्रश्न : आमचे लाकूड बंदरात अडकले. फायटो प्रमाणपत्र आहे, फ्युमिगेशनचा दाखलाही आहे, तरी ते 'अपूर्ण' ठरवले. नेमके काय पाहतात?
— एक लाकूड व्यापारी, नागपूर

उत्तर : फायटोवर उपचाराची एक चौकट असते. तिच्यात कोणते औषध, प्रति घनमीटर किती ग्रॅम, किती तास, किती तापमानाला आणि कोणत्या तारखेला, हे सगळे भरलेले लागते. लाकडासाठी नेहमी दिसणारी अट म्हणजे मिथाइल ब्रोमाइड ४८ ग्रॅम प्रति घनमीटर, २४ तास, २१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला. दुसरा पर्याय म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान ३० मिनिटे. चौकटीत फक्त 'फ्युमिगेटेड' लिहिलेले असेल तर इथल्या अधिकाऱ्याला त्यावरून काहीच ठरवता येत नाही. फ्युमिगेशन करणाऱ्या खासगी कंपनीचा वेगळा दाखला जोडला म्हणून फायटोवरची रिकामी चौकट भरून निघत नाही. उपचाराला त्या देशाच्या सरकारने दिलेली हमी फायटोवरच दिसली पाहिजे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जादा घोषणा. परमिटमध्ये अमुक कीड नसल्याचे जाहीर करा असे असेल तर फायटोवर त्याच किडीचे नाव घेऊन तसे लिहिलेले हवे. 'माल कीडमुक्त आहे' हे सर्वसाधारण वाक्य तिथे पुरेसे नाही. तिसरी चूक नावातली. परमिटवर एक विशिष्ट पाइन आणि फायटोवर नुसते 'पाइनस प्रजाती' असेल तर दोन्ही कागद एकाच मालाचे आहेत हे कशावरून मानायचे? चौथी म्हणजे खाडाखोड, ज्यावर अधिकाऱ्याची सही-शिक्का नाही.

माल तिसऱ्या देशातून वळून आला असेल, उदाहरणार्थ आफ्रिकेतले लाकूड सिंगापूर किंवा दुबईत उतरवून पुन्हा भरले असेल, तर पुनर्निर्यातीचा फायटो आणि सोबत मूळ देशाच्या फायटोची प्रमाणित प्रत, दोन्ही लागतात.

उपाय एकच आणि बिनखर्चाचा. कंटेनर बंद होण्याआधी फायटोचा मसुदा ई-मेलवर मागवा आणि परमिटशी शब्दशः जुळवून पाहा. जहाज निघाल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे त्या देशाच्या खात्याकडून नवीन प्रमाणपत्र काढावे लागते, आणि तेवढे दिवस कंटेनरचे भाडे तुम्ही भरता. आताच्या मालासाठी तुमच्या क्लिअरिंग एजंटामार्फत तसा सुधारित फायटो मागवा. दरम्यान इथे पर्यवेक्षणाखाली पुन्हा उपचार करून माल सोडता येईल का, हे प्लांट क्वारंटाइन केंद्राला लेखी विचारा. जिवंत कीड सापडली असेल तर इथला उपचार तुमच्या खर्चाने होतो. प्रतिबंधित कीड असेल तर माल परत पाठवणे किंवा नष्ट करणे एवढेच हाती उरते.

आणखी एक. ओंडक्यांचे किंवा फळ्यांचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून मग वायू सोडला तर तो आत पोचत नाही. दाखल्यावर उपचार दिसतो, आतली अळी मात्र जिवंत राहते. फ्युमिगेशन आधी, गुंडाळणे नंतर, हे निर्यातदाराला स्पष्ट लिहून द्या. युरोपीय संघात मिथाइल ब्रोमाइड २०१० पासून बंद आहे. तिथून माल येणार असेल तर उष्णता-उपचार किंवा परमिटला चालणारा दुसरा मार्ग आधी ठरवा.

प्रश्न : इनव्हॉइस २० घनमीटरचे, आणि वखारीत मोजले तर साडेपाचशे घनफूट. २० घनमीटर म्हणजे सातशेच्या वर घनफूट व्हायला हवे ना? फसवणूक झाली का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : झालेली नसावी. तुमच्या वखारीत हॉपस मापाने मोजले आहे आणि इनव्हॉइस प्रत्यक्ष घनफळाचे आहे.

हॉपस मापात घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. घेर ओंडक्याच्या मध्यावर, साल सोडून. समजा घेर ८० सेंटिमीटर आणि लांबी २.४ मीटर. चौथा भाग ०.२०, त्याचा वर्ग ०.०४, गुणिले २.४ म्हणजे ०.०९६ घनमीटर. हाच ओंडका दंडगोल धरून मोजला तर ०.१२२ घनमीटर येतो. हॉपस माप प्रत्यक्षाच्या साधारण ७८.५ टक्के असते, कारण चिराईतली बाजूची घट त्यात आधीच धरलेली आहे. एका प्रत्यक्ष घनमीटरचे ३५.३१ साधे घनफूट होतात, पण हॉपस घनफूट २७.७४ च. तुमचे २० घनमीटर म्हणजे हॉपसमध्ये ५५५ घनफूट. तुमचा हिशोब जुळतो.

खरा धोका कागदांमध्ये आहे. परमिट हॉपस मापाने १६ घनमीटरचे काढले आणि फायटोवर प्रत्यक्ष २० घनमीटर आले, तर लाकूड तेवढेच असूनही कागदावर माल परमिटपेक्षा जास्त ठरतो. म्हणून करार, परमिट, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि फायटो या सर्वांत एकच माप ठेवा आणि ते कोणते हे शब्दांत लिहा. पॅकिंग लिस्ट ओंडकेवार असावी, म्हणजे क्रमांक, घेर, लांबी, घनफळ. काही निर्यातदार घेरात आणि लांबीत ठरावीक सूट देतात. ती आधी वजा केली की नंतर, हेही करारात यावे. भाव ठरवताना तर हे माप विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये, कारण प्रत्यक्ष घनमीटरचा भाव हॉपसच्या भावापेक्षा नेहमीच स्वस्त दिसतो.

प्रश्न : युरोपातून जुने माग आणले. यंत्रांना काही अडचण नाही, पण ज्या लाकडी खोक्यांत आणि ओंडक्यांवर ती बसवली आहेत त्यांच्यावर शिक्का नाही म्हणून माल थांबवला. लाकूड तर आम्ही मागवलेलेच नाही.
— एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : नियमाला तुम्ही लाकूड विकत घेतले की नाही याच्याशी कर्तव्य नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या झाडांत आशियाई लांबशिंगी भुंगेरा सापडला. पॅकिंगच्या कच्च्या लाकडातून आलेल्या त्या किडीपायी पुढे हजारो झाडे तोडावी लागली. पाइनचा सूत्रकृमी असाच खोक्यांतून आणि पॅलेटमधून पसरतो. त्यातून २००२ मध्ये आयएसपीएम-१५ हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि आपल्या आदेशातही ते बंधनकारक आहे. खोके, पॅलेट, ड्रमची चाके आणि यंत्राखाली ठोकलेले आधाराचे ओंडके, म्हणजे डनेज, सगळे त्यात येते. डनेजच नेमके विसरले जाते. खोक्यावर शिक्का असतो, पण आत यंत्र हलू नये म्हणून शेवटच्या क्षणी आणलेला ओंडका बिनशिक्क्याचा, कधी सालीसकट असतो.

शिक्का असा ओळखा. चौकोनात उभी रेघ, डावीकडे गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, उजवीकडे देशाचा दोन अक्षरी कोड, उत्पादकाचा क्रमांक आणि उपचाराची खूण. एचटी म्हणजे उष्णता, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, डीएच म्हणजे डायइलेक्ट्रिक उष्णता आणि एसएफ म्हणजे सल्फ्युरिल फ्लोराइड. तो हाताने रंगवलेला चालत नाही, लाल किंवा नारिंगी रंग टाळायचा असतो, आणि शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर हवा. युरोपीय देशाच्या नव्याकोऱ्या खोक्यावर एमबी दिसले तर शंका घ्यायला जागा आहे. नुसते 'केडी' म्हणजे भट्टीत वाळवलेले. गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटे राहिला असेल तरच ते एचटी ठरते. साल थोडी उरली तर चालते, पण पट्टा ३ सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर त्याचे क्षेत्र ५० चौरस सेंटिमीटरच्या आत हवे. प्लायवुड, पार्टिकल बोर्ड आणि ओएसबी (लाकडाचे तुकडे दाबून केलेला बोर्ड) यांना शिक्क्याची गरज नाही, कारण गोंद, उष्णता आणि दाब यांत कीड टिकत नाही. ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडालाही ती नाही.

आता तुमचा माल. कस्टम्सला असा माल सोडता येतो, मात्र पॅकिंगच्या लाकडावर प्लांट क्वारंटाइन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बंदरातच उपचार झाल्यानंतर. मान्यताप्राप्त फ्युमिगेशन एजन्सी नेमा, अर्ज द्या आणि दाखला कस्टम्सच्या ई-संचित या ऑनलाइन कागदपत्र-प्रणालीवर चढवा. यंत्रात रबराचे भाग असतील तर एजन्सीला आधी सांगा, मिथाइल ब्रोमाइडने काही रबर आणि फोम यांना कायमचा वास लागतो. पुढच्या वेळी खरेदी करारातच लिहा : सर्व लाकडी पॅकिंग आणि डनेज शिक्कांकित, नसल्यास उपचार व विलंबाचा खर्च विक्रेत्याकडे. आणि कंटेनर बंद करण्यापूर्वीचे आतले फोटो मागवा, शिक्के वाचता येतील असे.

प्रश्न : आमच्या वायनरीला फ्रान्समधून ओकची नवी पिंपे मागवायची आहेत. स्वस्त पडतात म्हणून वापरलेली अमेरिकी पिंपेही विचारात आहेत.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वाइन आणि स्पिरिटची, बनवताना तापवलेली पिंपे आयएसपीएम-१५ मधून वगळलेली आहेत. पट्ट्या वाकवताना आणि आतून भाजताना लागलेली उष्णता तेच काम करते. सीमाशुल्क शीर्षक ४४१६. कूपरेजकडून, म्हणजे पिंपे बनवणाऱ्या कारखान्याकडून, ओकची शास्त्रीय प्रजाती आणि टोस्टिंगची पातळी लिहिलेले पत्र घ्या, तपासणीत उपयोगी पडते. पिंपे ज्या पॅलेटवर आणि पाचरांवर बसतात त्यांना मात्र ही सूट नाही, त्यांच्यावर शिक्का हवा. ओक चिप्स किंवा सुटे स्टेव्ह (पिंपाच्या पट्ट्या) मागवणार असाल तर त्यांना पिंपांची सूट लागू आहे असे धरू नका. त्यांच्याबद्दल प्लांट क्वारंटाइनला स्वतंत्र विचारा.

वापरलेल्या पिंपांची गोष्ट वेगळी. भांडवली यंत्रसामग्री सोडून बाकी वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात निर्बंधित गटात मोडते आणि तिच्यासाठी डीजीएफटीचे अधिकारपत्र लागते. ते हातात येण्याआधी पिंपे बोटीवर चढवू नका. हाच नियम युरोपातले जुने फर्निचर विकण्यासाठी आणणाऱ्यांनाही लागू आहे. त्याबद्दल मुंबईहून आलेल्या पत्राचे उत्तर यातच आले.

प्रश्न : बंगल्याच्या डेकसाठी ग्राहकाला इपे हवे आहे, दारांसाठी महोगनी. पुरवठादार म्हणतो कोणतेही परमिट लागत नाही. खरे आहे का?
— एक वास्तुविशारद, पुणे

उत्तर : इपेच्या बाबतीत नाही. हँड्रोअँथस, टॅबेबुया आणि रोझिओडेंड्रॉन या इपेच्या प्रजाती, तसेच क्युमारू म्हणजे डिप्टेरिक्स, २५ नोव्हेंबर २०२४ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ओंडके, चिरलेले लाकूड, व्हेनियर, प्लायवुड आणि कडेने आकार दिलेले लाकूड असे सर्व त्यात येते, म्हणजे तुमच्या डेकच्या तयार फळ्याही. निर्यात देशाच्या साइट्स प्राधिकरणाचे निर्यात परमिट लागते. ते ६ महिने वैध असते आणि मूळ प्रत मालासोबत हवी. माल निघाल्यानंतर काढलेले परमिट कामाचे नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या याद्या थेट कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यामुळे हा फक्त कस्टम्सच्या दंडाचा मामला राहिलेला नाही.

महोगनीबद्दल उत्तर नावावर अवलंबून आहे. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली स्विटेनिया मॅक्रोफिला २००३ पासून यादीत. तेच झाड फिजीच्या लागवडीतले असेल तर यादीत नाही. आफ्रिकन महोगनी म्हणून विकली जाणारी खाया २३ फेब्रुवारी २०२३ पासून यादीत. त्याच रांगेत ठेवली जाणारी सापेली यादीत नाही. 'आफ्रिकन टीक' तर दोन वेगळ्या झाडांना म्हणतात : इरोको, जे मोकळे आहे, आणि अफ्रॉर्मोसिया, जे १९९२ पासून यादीत आहे. आफ्रिकन पदौक आणि डुसीसुद्धा २०२३ पासून यादीत गेले. साग कोणत्याच परिशिष्टात नाही.

म्हणून पुरवठादाराला 'परमिट लागते का' हे विचारू नका. शास्त्रीय नाव आणि वाढीचा देश लेखी मागा, आणि साइट्सच्या ऑनलाइन प्रजाती यादीत स्वतः पाहा. नाव द्यायला टाळाटाळ होत असेल तर तो माल घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. इपे शंभरेक वर्षांचे झाड तोडून मिळते आणि जंगलात ही झाडे विरळच असतात. डेकसाठी उष्णतेने सुधारलेले पाइन किंवा लागवडीचा साग ग्राहकाला दाखवून बघा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडहून कायमचे गोव्यात परत येतोय. आजोबांचा पियानो आणि माझी जुनी रोझवूडची गिटार सोबत आणायची आहे.
— एक वाचक, लंडन

उत्तर : गिटार कधीची आणि कोणत्या रोझवूडची, हे आधी ठरवा. डालबर्जियाच्या सर्व प्रजाती २०१७ मध्ये यादीत आल्या, पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. आपल्याकडच्या शिसवीची गिटार असेल तर साइट्सची चिंता नाही. ब्राझिलियन रोझवूड, म्हणजे डालबर्जिया नायग्रा, मात्र १९९२ पासून सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे आणि वाद्यांची सूट तिला नाही. १९७० च्या आधीच्या चांगल्या गिटारींत ते लाकूड बरेच वापरलेले आढळते. अनुभवी वाद्यकारागिराकडून लेखी ओळख करून घ्या. नायग्रा निघाली तर ती १९९२ पूर्वीची असल्याचा पुरावा, म्हणजे खरेदीची पावती किंवा अनुक्रमांकावरून निर्मात्याचे पत्र, जोडून इंग्लंडच्या साइट्स प्राधिकरणाकडून पूर्व-करार प्रमाणपत्र, म्हणजे वस्तू बंधन येण्याआधीची असल्याचा दाखला, घ्या. तीन वर्षांपर्यंत चालणारे वाद्य-प्रमाणपत्रही असते, पण ते वाजवायला नेऊन परत आणणाऱ्यांसाठी. तुम्ही कायमचे येताय.

पियानोच्या लाकडापेक्षा पट्ट्या तपासा. पांढऱ्या पट्टीवर पुढचा रुंद भाग आणि मागचा अरुंद भाग जोडणारी बारीक आडवी रेघ दिसली, आणि पृष्ठभागावर लाकडासारखे सूक्ष्म धागे दिसले, तर ते बहुधा हस्तिदंत आहे. भारतात हस्तिदंताची आयात करता येत नाही. पियानो दुरुस्त करणाऱ्याकडून तिथेच पट्ट्यांचे आवरण बदलून घ्या आणि त्याचे बिल व आधीचे-नंतरचे फोटो कागदपत्रांत ठेवा. पियानोचे खोके शिक्क्याचेच हवे, हे मूव्हरला लिहून कळवा.

प्रश्न : व्हिएतनामचे प्लायवुड स्वस्त मिळते आहे. हार्डवेअरच्या दुकानासाठी एक कंटेनर आणावा म्हणतो.
— एक दुकानदार, जळगाव

उत्तर : प्लायवुडला फायटोची अडचण नाही, बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याची आहे. प्लायवुड, फ्लश दरवाजे आणि लाकूड-आधारित बोर्डांवर गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाले आणि २०२५ च्या सुरुवातीपासून ते लागू होऊ लागले. साध्या प्लायवुडला आयएस ३०३, मरीनला आयएस ७१०, ब्लॉकबोर्डला आयएस १६५९, फ्लश दरवाजाला आयएस २२०२, एमडीएफला आयएस १२४०६. परवाना व्यापाऱ्याला मिळत नाही, तो परदेशातल्या त्या विशिष्ट कारखान्याला मिळतो. त्यासाठी कारखान्याची तपासणी होते, भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो आणि १०,००० डॉलरची बँक हमी द्यावी लागते. एका कंटेनरसाठी कोणी हे करत नाही. म्हणून आधीच परवाना असलेला कारखाना शोधा, त्याचा सीएम/एल (परवाना) क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून नाव, पत्ता, मानक आणि मुदत पाहा, आणि माल त्याच कारखान्यात बनल्याचे करारात घ्या. परवाना आयएस ३०३ चा आणि माल मरीन म्हणून आला तरी तो अडकतो. खुर्च्या, टेबले, कपाटे आणि पलंगांवरही २०२५ मध्ये असाच आदेश निघाला. तो कधीपासून आणि कोणाला लागू, हे राजपत्रातल्या ताज्या दुरुस्तीसह पाहा. विक्रीच्या लाकडी खेळण्यांना तर १ जानेवारी २०२१ पासूनच बीआयएस चिन्ह लागते.

प्रश्न : 'बर्मा टीकचे ओंडके, थेट आयात' अशी जाहिरात पाहिली. घ्यावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : म्यानमारने गोल ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ पासून बंद केली आहे. तिथून कायदेशीर येते ते चिरलेले लाकूड. ताजे ओंडके दाखवत असतील तर बिल ऑफ एंट्री आणि मूळ देशाचा फायटो मागा.

प्रश्न : शुल्काचा अंदाज आधी कसा काढायचा? एजंट शेवटी वेगळाच आकडा सांगतो.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी शीर्षक निश्चित करा : ओंडके ४४०३, ६ मिलिमीटरपेक्षा जाड चिरलेले लाकूड ४४०७, व्हेनियर ४४०८, जीभ-खाच काढलेल्या फळ्या ४४०९, प्लायवुड ४४१२, दारे-खिडक्या ४४१८, फर्निचर ९४०१ किंवा ९४०३. शीर्षक बदलले की दर बदलतो.

शुल्क मालाच्या किमतीवर नव्हे, वाहतूक आणि विमा धरून लागते. समजा एफओबी, म्हणजे तिकडे जहाजावर चढेपर्यंतची मालाची किंमत, १०,००,००० रुपये आणि जहाजभाडे १,५०,०००. विम्याचा आकडा नसेल तर एफओबीच्या १.१२५ टक्के धरतात, म्हणजे ११,२५०. करपात्र मूल्य ११,६१,२५०. उदाहरणापुरते मूळ सीमाशुल्क ५ टक्के आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) १८ टक्के धरू. सीमाशुल्क ५८,०६३, त्याच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार ५,८०६. या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी २,२०,५२१. एकूण २,८४,३९० रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर भरलेला आयजीएसटी पुढच्या जीएसटीतून वजा करता येतो, पण रोख आधी बाहेर जाते, तेवढी सोय करून ठेवा. जहाजभाड्याचा कागद दिला नाही तर ते एफओबीच्या २० टक्के धरले जाते. वरच्या उदाहरणात ते दीडऐवजी २ लाख होईल. तुमचा आणि एजंटाचा आकडा जुळत नाही तेव्हा पहिल्यांदा इथेच पाहा, आणि मग डॉलरचा दर. तो बँकेचा नव्हे, कस्टम्सने जाहीर केलेला धरतात.